भादव्यातलं ऊन अन् पाऊस वेगवेगळा मोजू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात तुमच्या पेपरात रोज पहिल्या पानावर चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूरचं टेम्परेचर येते, आज सगळ्यात जास्त कुठं तापलं त्याची बातमी येते, जुलैत पूर आला की पुराचे फोटो येतात. ते यायलाच पाहिजे. पण आमच्या कास्तकाराचं वर्ष बसते की उठते ते ठरवणारे दिवस म्हणजे पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचे, आणि त्या दिवसातल्या हवेबद्दल कुठंच नीट लिहून येत नाही, ना पेपरात, ना सरकारी कागदात. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या पण छापा.

आमच्याकडे म्हण आहे, पोळा झाला अन् पाऊस झाला भोळा. म्हणजे पोळा झाला की झड संपते, मग जे पाणी येते ते हळू येते, उघाड मिळते, निंदण डवरण उरकते, पऱ्हाटीला म्हणजे कापसाच्या झाडाला पात्या (कळ्या) भरतात. आता तसं राह्यलं नाही. ऑगस्टमध्येच पाऊस दडी मारते, पंधरा दिवस, कधी तीन आठवडे थेंब नाही. मान्सूनचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की मध्य भारत कोरडा पडते असं हवामानवाले सांगतात आणि ते वावरात दिसतेच, जमिनीला भेगा पडतात आणि ऊन मे सारखं लागते. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासून देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या २३ तारखेला नागपुरात एका रात्रीत एवढं पाणी आलं की अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी लोकांच्या घरात शिरली. ते शहरात झालं म्हणून सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. खेड्यात असंच होते तेव्हा कॅमेरा येत नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला की तो ओडिशा, छत्तीसगडवरून सरळ विदर्भात घुसते, आणि हवा जेवढी गरम तेवढी जास्त वाफ धरून ठेवते, एका डिग्रीला साधारण ७ टक्के जास्त, म्हणून आता पाणी येते ते एका दमात येते आणि मग परत कडक ऊन.

सरकारी हिशोबात ऊन वेगळं असते, पाऊस वेगळा असते. अतिवृष्टीचा एक रकाना, दुष्काळाचा दुसरा, उष्माघाताचा तिसरा आणि तो फक्त उन्हाळ्यापुरता. पण आमचं पीक जाते ते आधी ऊन अन् त्याच्यावर पाऊस अन् परत ऊन या जोडीने जाते, आणि या जोडीला कुठंच रकाना नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

कसं जाते ते सांगतो. पऱ्हाटी कमरेच्या वर आलेली असते, पात्या, फुलं, हिरवी बोंडं सगळं झाडावर, म्हणजे झाडाला सगळ्यात जास्त गरज असते तो टाइम. दोन तीन आठवडे पाणी नाही. मग एका रात्री दोन तासात धो धो. काळ्या भारी जमिनीत ते पाणी मुरत नाही, पिकाच्या ओळीत साचून राहते, आणि सकाळी दहा वाजता लख्ख ऊन. त्याच्यानंतर दीड दोन दिवसात झाडं माना टाकतात. सगळी नाही, मधात मधात. एका ओळीत चार झाडं हिरवीगार उभी अन् पाचव्याची पानं ओल्या फडक्यासारखी लोंबलेली. हात लावला तर पान अजून हिरवं, नुसतं मऊ पडलेलं. खोड चिरून पाहा, आत सड नाही, अळी नाही. उपटून पाहा, मूळ धड आहे. पाहणाऱ्याला वाटते की औषध चुकलं नाहीतर बियाणं बोगस निघालं. मग पानं तांबडी पडतात, पात्या गळतात, बोंडं अर्धवट उकलतात. याला आकस्मिक मर म्हणतात, कृषीवाले पॅराविल्ट म्हणतात. याच्यात बुरशी नाही, जंतू नाही. तापून कोरडं झालेलं झाड, त्याच्या मुळाशी एकदम पाणी भरलं, मुळाला हवा मिळत नाही म्हणून ते पाणी ओढत नाही आणि वरून ऊन पानातून पाणी काढतच राहते. उपाय आहे पण तो तासातासाचा आहे, चर काढून पाणी बाहेर काढायचं आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड अन् युरियाची आळवणी बुडाशी करायची (प्रमाण कृषी सहायकाला विचारूनच घ्या, अंदाजाने नको). ज्याच्याकडे माणसं आहेत, पंप आहे, धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) जायला रस्ता आहे त्याची थोडीफार वाचते. ज्याचा पांदण रस्ता गुडघाभर चिखलात आहे तो वावरात पोचेपर्यंत झाड गेलेलं असते.

सोयाबीनचं वेगळं सांगत नाही, ऊन ताणलं की चारकोल रॉट अन् पिवळा मोझॅक हे रोग येतात, मग शेंग वाळताना पाणी आलं की शेंगेतच कोंब फुटतात, हे आता सगळ्यांना माहीत झालं आहे. वरुड, मोर्शीकडच्या संत्रावाल्यांची याच दिवसात आंबिया बहाराची फळं झाडाखाली सडा पडल्यावानी गळतात, तिथंही कारण हेच, ताण अन् मग एकदम ओल.

आता पंचनाम्याची गोष्ट. अतिवृष्टी कधी धरतात तर महसूल मंडळात २४ तासात ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाणी पडलं तर. मंडळात म्हणजे काही गावांच्या मिळून गटात पाऊस मोजायचं एक यंत्र असते, ते आमच्या गावापासून दूर, मधात टेकडी. भादव्यातलं पाणी कसं पडते ते कोणत्याही कास्तकाराला विचारा, या शिवारात नाला दुथडी भरून वाहते अन् पलीकडच्या शिवारात रस्ता कोरडा असते. यंदा आमच्या शिवारात ओळीओळीत पाणी साचलं, पऱ्हाटी गेली, आणि पटवारी साहेबांकडे गेलो तर ते म्हणाले, "काका, मी काय करू, मंडळाचा आकडा पासष्टच्या आत दाखवते, माझ्या हातात नाही." माणूस चांगला आहे, त्याची चूक नाही, त्याला वरून जे विचारतात तेच तो भरणार. अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होते अन् दुसऱ्या दिवशी साडेआठला संपते. म्हणजे पहाटे सहा वाजता लागलेलं पाणी अकरा वाजेपर्यंत चाललं तर ते दोन दिवसात वाटल्या जाते, आजही ४० अन् उद्याही ४०, आणि कागदावर दोन्ही दिवस अतिवृष्टी नाही. पिकाला साडेआठ वाजले हे कसं कळेल?

यंत्र कधी चुकते हे सुद्धा आपण पाहिलं आहे. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका ऑटोमॅटिक स्टेशनने ५६ डिग्री दाखवलं, देशभर बातमी झाली, हवामान खात्याने लगेच तपासलं आणि सेन्सर खराब होता असं सांगितलं. चांगलं केलं. पण जे यंत्र जास्त दाखवते ते तपासल्या जाते, कमी दाखवते ते कोण तपासते? पर्जन्यमापकात पाला अडकला, पाखराने घाण केली, बाजूला झाड वाढलं, तर पाऊस कमीच दाखवणार, आणि त्याच्यावर अख्ख्या मंडळाची मदत ठरते. केंद्राने २०२३ मध्ये विंड्स नावाची योजना आणली, ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक न्यायचे असं त्याच्यात आहे. ते काम लवकर व्हावं, आणि गावात यंत्र आलं की त्याची साफसफाई अन् तपासणी ग्रामसभेच्या समोर व्हावी, त्याचा आकडा रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. हे काही फार खर्चाचं मागणं नाही.

पैशाबद्दल बोललं की लोक म्हणतात कास्तकार रडत असतात, म्हणून फक्त नियम सांगतो. ३३ टक्के किंवा त्याच्या वर नुकसान झालं तर मदत बसते, केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी ८५०० रुपये, २ हेक्टरपर्यंत. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने त्याच्यावर भर घातली, ३ हेक्टरपर्यंत मर्यादा नेली, त्याबद्दल आभारच आहेत. पण मदत मिळायला नुकसान आधी आपत्तीच्या यादीत बसावं लागते. पीक विम्यात पहिले पाण्याचा खंड, स्थानिक आपत्ती असे ट्रिगर म्हणजे भरपाई लागू व्हायची कारणं होती, ७२ तासात कळवलं तर सर्वे होत होता, २०२५ च्या खरिपापासून राज्याने ते काढले आणि फक्त पीक कापणी प्रयोगाच्या (निवडलेले प्लॉट कापून काढलेल्या सरासरी) उत्पन्नावर ठेवलं. प्रयोगाचा प्लॉट निघते एका वावरात अन् मर लागते दुसऱ्या वावरात मधात मधात, ते सरासरीत बुडून जाते. २०२३ मध्ये सरकारने सततचा पाऊस ही पण आपत्ती धरली, तोपर्यंत ती कुठंच बसत नव्हती. म्हणजे मनात आणलं तर नवा रकाना करता येते. तसाच हा एक करा, इतके दिवस खंड, इतकं टेम्परेचर, आणि त्याच्यावर इतक्या तासात इतका पाऊस. आकडे आम्ही ठरवू शकत नाही, पण नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, आकस्मिक मर कधी येते हे त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार. त्यांना विचारून निकष लिहा.

आणि पिकापेक्षा मोठी गोष्ट माणसाची आहे, ती मी मागं ठेवली कारण तिच्याबद्दल बोलताना जीव जड होते. लोक म्हणतात विदर्भातल्या माणसाला उन्हाची सवय आहे. मे च्या उन्हाची आहे. मे मध्ये हवा कोरडी असते, घाम वाळते, कूलर चालते, डोक्याला दुपट्टा बांधला अन् कांदा खिशात टाकला की माणूस निभावते, आणि मुख्य म्हणजे मे मध्ये दुपारी वावरात काम नसते. भादव्यात हवेत ओल एवढी असते की घाम अंगावरच राहते, वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही, कूलरची हवा चिकट लागते, आणि काम मात्र सगळं याच दिवसात, निंदण, फवारणी, मग सोयाबीनची सोंगणी. बाया सकाळी नवाला येतात अन् पाच वाजेपर्यंत कमरेएवढ्या पऱ्हाटीत वाकून निंदतात, आत हवाच खेळत नाही. चक्कर आली तर म्हणतात उपास होता म्हणून आली. ते खरं नसते बऱ्याचदा. हवामान खात्याच्या निकषात मैदानी भागात निदान ४० डिग्री झाल्याशिवाय उष्णतेची लाट मोजत नाहीत, सप्टेंबरात पारा ३५-३६ ला असते, म्हणून कोणताच अलर्ट नाही, आणि हीट अॅक्शन प्लॅन म्हणतात तो उन्हापासून बचावाचा सरकारी आराखडा पण उन्हाळा संपला की फाइलीत जाते.

२०१७ विसरू नका. त्या साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर कास्तकार, मजूर गेले. कीटकनाशकं, त्यांचं मिश्रण, पंप, याच्यावर खूप बोलल्या गेलं आणि ते बरोबर आहे. पण तेव्हाही हेच दिवस होते, पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली अन् अंगाची लाही करणारा उकाडा. मास्क, हातमोजे, कोट घाला म्हणून सांगतात, मी ते घालून फवारणी करून पाहिली आहे, त्या चिकट उकाड्यात श्वास कोंडते. म्हणून पोरं उघड्या अंगाने फवारतात. मास्क वाटून काम भागत नाही, फवारणी सकाळी अन् संध्याकाळीच करायची, दुपारी नाहीच, हे गावागावात दवंडी देऊन सांगावं लागते, आणि मजुरी पूर्ण द्यायची हे मालकालाही सांगावं लागते. आमच्या गावात काही जणांनी बायांची सुट्टी बारा ते तीन केली आहे अन् सकाळी सातला काम सुरू करतात, काम कमी झालं असं काही दिसलं नाही. बाकीच्यांनी करून पाहावं. आरोग्य केंद्रात ओआरएसचे पुडे जूनमध्ये संपतात ते ऑक्टोबरपर्यंत ठेवावे, आशा ताईंना भादव्यातही उन्हाचा त्रास ओळखायला सांगावं.

विजेचं पण लिहायचं होतं, उकाड्यानंतर जे ढग येतात त्याच्यात वीज पडते अन् माणसं झाडाखाली थांबतात, पण पत्र लांबलं. निदान विजेची आधी सूचना देणारं दामिनी अॅप घरातल्या एकाच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा.

साहेब, तुमच्याकडून एकच पाहिजे. मे मध्ये जसा टेम्परेचरचा चौकोन छापता तसाच १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर रोज छापा, मंडळनिहाय पाऊस, दिवसाचं अन् रात्रीचं टेम्परेचर, हवेतला ओलावा, आणि पाण्याचा खंड किती दिवसांचा झाला ते. मंडळाचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आला तर गावातला माणूस त्याच दिवशी तहसीलमध्ये जाऊन विचारू शकते की आमच्या नाल्याला पूर आला अन् तुमच्या यंत्रात १२ मिलिमीटर कसे. दोन महिन्यांनी विचारून काही होत नाही, तोपर्यंत वावरात हरभरा पेरलेला असते.

आपला,
एक कास्तकार वाचक
ता. आर्णी, जि. यवतमाळ