मनू, पाचशे प्रतींआधी एवढं वाच

प्रिय मनू,

रविवारी फोन तू ठेवलास की रेंज गेली कळलं नाही, पण तेव्हापासून तुझी आई माझ्याशी मोजकंच बोलतेय. पैशाचा विषय काढणार नाही असं तिला कबूल करून लिहायला बसलोय. एफडी तुझी, ती मोडून स्वतःच्या खर्चानं कादंबरी छापायची की ठेवायची ते तू बघ. फक्त त्या छापून देणाऱ्या पॅकेजवाल्यांकडून पाचशे प्रती काढायचं म्हणतेस, ते परत एकदा बघ.

कादंबरी मी परत वाचली. हरिपूरची पेवं, हळद साठवायची ती जमिनीखालची कोठारं, तू कधी नीट बघितलीस गं? २००५ च्या पुरात बरीचशी गेली तेव्हा तू केवढीशी होतीस. आणि तरी तो प्रसंग, पेवात माणूस उतरायच्या आधी कंदील खाली सोडतात आणि वर सगळे गप्प उभे, तो वाचताना मी चष्मा काढून बसलो. हळदीच्या पोत्यांचा हिशेब ठेवणारा तो काका म्हणजे दाद्याच आहे ना? त्याला सांगत नाही. प्रेसमध्ये आयुष्यभर लोकांची प्रुफं वाचली, त्यात चांगलं लिहिलेलं थोडं होतं, आणि तुझं त्यातलं आहे. पोरगी म्हणून म्हणत नाही.

म्हणूनच त्या पाचशेची भीती वाटते.

गुरुजी आठवतात का तुला, सायकलवरून यायचे, तुला श्रीखंडाची गोळी द्यायचे ते? पेन्शनच्या पैशातून कवितासंग्रह काढला होता त्यांनी. ऑफसेट छपाईला प्लेटा आणि मशीन लावायचा खर्च शंभर प्रतींना जेवढा तेवढाच हजारला, म्हणून प्रती वाढल्या की दर उतरतो, आणि दर उतरला की माणसाला वाटतं आपला फायदा झाला. त्यांनी हजार काढल्या. पिशवीत दहा-दहा घालून शाळाशाळांतून फिरले, लग्नामुंजीत आहेर म्हणून दिल्या, तरी निम्म्याच्या वर गठ्ठे आपल्याच गोडाऊनला राहिले. पुढं पुढं ते आपल्या गल्लीतून यायचे बंद झाले, लांबच्या रस्त्यानं जायचे, मला तोंड दाखवायला नको म्हणून. २०१९ ला पाणी आलं तेव्हा ते गठ्ठे फुगून एकमेकांना चिकटले होते, सोडवताना मला एक अख्खं पान हाती लागलं नाही. कविता चांगल्या होत्या मनू. त्यांच्यात काही कमी नव्हतं.

ते पॅकेजवाले तुला पाचशेच का सांगतात ते कळलं ना आता? आजकाल डिजिटल छपाईत पन्नास प्रतीसुद्धा निघतात, दर जास्त पडतो, पडू दे, पलंगाखाली खोकी तर साठत नाहीत. आणि त्यांच्या यादीत आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा तो ओळख क्रमांक, मोफत देतो असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, तर तो सरकारकडून सगळ्यांनाच फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एजन्सी आहे, लेखकाला स्वतःच्या नावानंही अर्ज करता येतो. त्यांचा घेतलास तर प्रकाशक म्हणून त्यांचं नाव लागेल, तुझं लागणार नाही. छापून झाल्यावर पुस्तक कोण विकणार याबद्दल त्या कागदावर एक ओळ नाही बघ.

ॲमेझॉनच्या किंडलवर ई-बुक काढायचंही तसंच. तू सत्तर टक्के रॉयल्टी म्हणालीस, पण भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के हवे असतील तर त्यांच्या सिलेक्ट नावाच्या योजनेत नाव घालावं लागतं आणि मग ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडं कुठंच ठेवता येत नाही, नाहीतर ३५ टक्के. म्हणजे प्रतिलिपी ॲपवर तू टाकलेले कादंबरीचे भाग काढायला लागणार, आणि तुझे वाचक तर तिथंच आहेत, पुढचा भाग कधी म्हणून विचारणारे. ते फुकट वाचतायत, विकत घेतील का हे त्यांनाच विचार की. आपल्याकडं प्रकाशनपूर्व सवलत कशासाठी असायची? आधी नावं नोंदवायची, पैसे घ्यायचे, मग तेवढ्याच प्रती काढायच्या, वर थोड्या जास्तीच्या. आता तर फॉर्म मोबाईलवर, पैसे यूपीआयवर. चाळीस जणांनी नोंदवलं तर चाळीस वाचक आहेत असं धरायचं, लाईक करणारे हजार असले तरी.

लेक्चर झालं ना. माफ कर. आई वाचून म्हणेल हेच लिहायला बसला होता का.

२००८ ला सांगलीत साहित्य संमेलन झालं, हातकणंगलेकर सर अध्यक्ष होते, तेव्हा ग्रंथप्रदर्शनात तू माझं बोट सोडून एका स्टॉलखाली जाऊन वाचत बसलेलीस आणि आम्ही दोघं तुला शोधतोय. सापडलीस तेव्हा रडत नव्हतीस, पान संपू दे म्हणालीस. त्या दिवशी मला खूप अभिमान वाटला आणि पोटात गोळाही आला. आताही तेच होतंय. रात्री दीड-दोनला ऑनलाइन दिसतेस, किती जणांनी वाचलं ते बघत असतेस हे मला कळतं. पाचशे प्रती घरात आल्यावर तू रोज त्याच मोजत बसशील, आणि दुसरी कादंबरी राहील. मला त्या एफडीपेक्षा ह्याचं जास्त वाटतं.

संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन असतं, दरवर्षीसारखं. दहा प्रती घेऊन ये, मी येतो बरोबर. हरिपूरच्या लोकांना आधी वाचायला देऊ, त्यांची गोष्ट आहे.

आक्काचे टाके मंगळवारी काढणार आहेत, तिला फोन कर. सोमवारी पैसे पाठवायचं नक्की असेल तर त्याआधी ते कोटेशन मला व्हॉट्सॲप कर, कागद किती जीएसएमचा, म्हणजे किती जाड, आणि बाइंडिंग कसलं ते तरी बघू दे. पाचशेच करायच्या ठरल्या तर प्रुफं मी वाचणार, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

तुझे
बाबा