अनुदानाला नाटक नाही, परवान्याला मात्र नाटकच!

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

दापोली तालुक्यात, समुद्राला लागून असलेल्या एका गावातून हे पत्र लिहितो आहे. आमचं एक श्रुतिका मंडळ आहे. श्रुतिका म्हणजे फक्त कानांनी ऐकायचं नाटक. चौदा माणसं, दोन माइक, एक मिक्सर आणि एक भलंमोठं भाताचं पिंप. त्या पिंपात काय आहे ते पुढे सांगतो. आधी तक्रार सांगतो, कारण ती छोटी आहे आणि तुम्हाला वेळ कमी असणार.

गेल्या वर्षी एका कार्यालयात आम्ही अनुदानाची चौकशी करायला गेलो. टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, "नेपथ्य कोणतं?" म्हटलं, नेपथ्य नसतं. वेशभूषा? नसते. प्रकाशयोजना? आम्ही दिवे घालवतो. मग रंगमंचावर होतं काय? पाच-सहा जण माइकसमोर उभे राहून बोलतात आणि दोघं मागे बसून आवाज काढतात. साहेब सज्जन होते. चहा मागवला आणि म्हणाले, "मग हे नाटक नाही हो. हे अभिवाचन. त्याला आमच्याकडे रकाना नाही."

ठीक आहे म्हटलं. पुढच्याच महिन्यात शेजारच्या तालुक्यात एका शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग ठरला. परवानगीचा अर्ज घेऊन दुसऱ्या एका कार्यालयात गेलो. तिथे पहिला प्रश्न, "संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का?" म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं. मी नुकताच शिकलेला धडा म्हणून दाखवला : साहेब, हे नाटक नाही, अभिवाचन आहे. त्यांनी अर्जावरून नजर न उचलता विचारलं, "पात्रं आहेत? संवाद आहेत? लोक बसणार ना समोर? मग नाटकच की!" संहिता पाठवून प्रमाणपत्र येईपर्यंत शाळेचा हॉल दहावीच्या परीक्षेला गेला आणि प्रयोग राहिला तो राहिलाच.

खरं सांगू? मला दुसऱ्या साहेबांचं बोलणं पटलं. पात्रं, संवाद, समोर बसलेली माणसं. श्रुतिकेची इतकी नेमकी व्याख्या मलाही इतक्या वर्षांत जमली नव्हती. माझं म्हणणं एवढंच आहे की हीच व्याख्या पहिल्या टेबलावरही लागू व्हावी. दोष त्या दोघांचा नाही. त्यांच्यासमोरच्या कागदावर 'श्रुतिका' हा शब्दच छापलेला नाही.

आम्ही सुरू झालो ते अंधारामुळे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. कौलं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब रस्त्यावर पडले. आमच्या वाडीत वीज परत यायला महिना लागला. त्यात कोविडचे दिवस, मुंबईहून आलेले चाकरमानी गावातच अडकलेले. टीव्ही नाही, मोबाइलला चार्ज नाही. ज्या एका घराचं छप्पर शाबूत होतं त्याच्या पडवीत संध्याकाळी सगळी वाडी जमायची. कोणी तरी वादळाच्याच दिवसाची गोष्ट सांगायला लागायचं, दुसरा मध्येच त्या गोष्टीतली म्हातारी व्हायचा, तिसरा दार वाजवायचा. आपण करतोय त्याला काही नाव आहे हे आमच्या गावीही नव्हतं. आमच्यातला एकजण मुंबईत लग्नांना साउंड लावायचा. वीज आल्यावर तो म्हणाला, आता हे माइकवर करू या.

पुढे वाचनात आलं की खास नभोवाणीसाठी लिहिलेलं पहिलं नाटक म्हणून जे ओळखलं जातं ते १९२४ च्या जानेवारीत लंडनहून प्रसारित झालं, आणि ते घडतं कुठे, तर दिवे गेलेल्या कोळशाच्या खाणीत. म्हणजे अंधाराचा हा उपयोग आमच्याआधी शंभर वर्षं कुणाला तरी सुचला होता. आम्हाला महावितरणने सुचवला.

आता पिंप. त्यात करवंट्यांच्या तीन जोड्या आहेत. जांभ्याच्या चिऱ्यावर वाजवल्या की घोडा घाटी चढतो, वाळूच्या परातीत वाजवल्या की तोच घोडा किनाऱ्याने जातो. पोफळीची विरी, म्हणजे झावळीचा रुंद देठ आहे, तिचं शीड होतं आणि वेळ पडली तर घारीचे पंखही होतात. पाण्याचं घमेलं आणि लाकडी उलथणं म्हणजे वल्हं. पत्र्याचा एक मोठा तुकडा आहे, तो हलवला की वीज गडगडते. हा पत्रा निसर्ग वादळात कुणाच्या तरी छपरावरून उडून आमच्या बागेत पडला होता. बरीच चौकशी केली, मालक सापडला नाही. आता तो दर प्रयोगात गडगडतो.

आणि सूप. सुपात धान्य घेऊन ते एका अंगाला कलतं केलं की लाट येते. तांदूळ घेतले तर पाऊस वाटतो, नाचणी घेतली तर लाट. हे आमचं आम्ही शोधलं म्हणून आम्हाला फार अभिमान होता. मग हर्णैला प्रयोग झाला. बंदरावरचा मासळीचा लिलाव उरकून मंडळी आली होती. नाटकात होडी पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला, लागते असा प्रवेश आहे. प्रयोग संपला, दिवे लागले, आणि पुढे बसलेले एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख, सरळ उठून सुपाजवळ आले. आमच्या पोरीला म्हणाले, "बाय, ही लाट पुळणीवरची नाय. ही खडपावरची हाय." खडप म्हणजे खडकाळ किनारा. मग त्यांनी तिच्या हातातून सूप घेतलं, नाचणीखाली स्वतःच्या खांद्यावरचा पंचा अंथरला आणि सूप कलतं करून दाखवलं. जाताना सावकाश, आणि परत आणायच्या आधी क्षणभर थांबायचं. "पाणी मागं जाताना दम खातं." त्या दिवसापासून आमच्या होड्या पुळणीला लागतात.

मंत्रिमहोदय, नेपथ्य कुठे आहे असं विचारणाऱ्या साहेबांना मला हे सांगायचं होतं. तिथे ते सुचलं नाही.

ध्वनिमुद्रण हा आणखी वेगळा उद्योग आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा आमचे निम्मे नट घरी असतात, पण तेव्हा कौलांवर पाऊस इतका कोसळतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून त्या दोन महिन्यांत तालमी करायच्या. हिवाळ्यात हवा शांत, मुद्रणाला उत्तम, पण तेव्हा नट समुद्रात. ते परत येतील त्या रात्री, गावातला शेवटचा पंप बंद झाला की माजघराच्या भिंतींना गोधड्या लावून आम्ही बसतो. आधी हौसेने कंडेन्सर माइक घेतला होता. तो इतका कानाचा तिखट, की शेजारच्या घरातला फ्रिज सुरू झालेलाही पकडायचा. तो विकून साधा डायनॅमिक घेतला, तोंडाशी धरला की जवळचंच ऐकणारा. तरीही आमच्या प्रत्येक मुद्रणात मागे खरा समुद्र आहेच. तो काढता येत नाही, आणि आता काढावासाही वाटत नाही.

संकलन करणारा आमचा मुलगा जन्मांध आहे. लॅपटॉपवर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, लावून काम करतो. तो प्रोग्रॅम इतका भरभर बोलतो की आम्हाला एक अक्षर कळत नाही. या मुलाचा सगळ्यात मोठा राग कागदावर. संहितेचं पान उलटल्याचा आवाज आला की तो मुद्रण थांबवतो आणि कुणाच्या हातातलं पान ते नाव घेऊन सांगतो. आता आम्ही पानं सुटी ठेवतो, स्टेपल करत नाही, आणि वाचून झालेलं पान खाली गोधडीवर सोडून देतो. तुमच्या राज्य नाट्य स्पर्धेत दिव्यांगांसाठी बालनाट्याचा विभाग आहे, ती चांगलीच गोष्ट आहे. पण हा सव्वीस वर्षांचा झाला, आणि ज्या कामात तो आम्हा सगळ्यांपेक्षा सरस आहे ते काम स्पर्धेत कुठे मोजलंच जात नाही.

ऐकतं कोण, असा प्रश्न हमखास येतो. बोटीवर असलेली गावची पोरं ऐकतात. बोटीवर म्हणजे मालवाहू जहाजांवर, सहा-सहा महिने. नेट मिळेल त्या बंदरात उतरवून घेतात. मुंबईतले चाकरमानी लोकलमध्ये ऐकतात. त्यांना आम्ही एकच विनंती करतो, व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पुढे ढकलू नका, फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाही तर आवाज चेपला जातो आणि त्या तांडेलांनी शिकवलेली लाट तळणीसारखी चुरचुरते.

पण माझ्या लेखी यातली खरी ठेव वेगळीच आहे. आमच्या मंडळात खारवी आहेत, कुणबी आहेत, दोन कोकणी मुसलमान कुटुंबांतली माणसं आहेत. एका खाडीच्या दोन काठांवर शब्द तेच, पण हेल बदलतो. संहिता मी लिहितो आणि लिहिताना तो हेल माझ्या हातून निसटतोच, देवनागरीत तो मावत नाही. आमच्या सगळ्यात थोरल्या नटीने चौऱ्याहत्तरी ओलांडली आहे. त्यांना वाचता येत नाही. नात संवाद वाचून दाखवते, त्या ऐकून पाठ करतात आणि म्हणताना माझं वाक्य त्यांच्या वाडीचं करून टाकतात. पहिल्यांदा मी दुरुस्त करायला गेलो. म्हणाल्या, "तू लिवलंस ता मास्तर बोलतो. म्हातारी असा नाय बोलत." तेव्हापासून संहिता मी मुद्रणानंतर दुरुस्त करतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचे सोहळे झाले. शिलालेख आणि ताम्रपट जपायला हवेतच. या आजींचा आवाज मात्र दगडावर कोरलेला नाही.

तर मागणी. १९५४ पासून आपलं राज्य हौशी नाट्य स्पर्धा घेतं आहे. देशात असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही, आणि गावागावांतले नट या स्पर्धेने घडवले हे मी स्वतः पाहिलं आहे. हौशी मराठी, हिंदी, संस्कृत, संगीत, बालनाट्य असे तिचे विभाग झाले. त्यात श्रुतिकेचा एक विभाग काढा. याला केंद्र लागत नाही, ट्रकभर नेपथ्य घेऊन रात्रीचा घाट चढावा लागत नाही. मंडळांनी मुद्रण पाठवायचं, परीक्षकांनी घरी बसून कानाला लावून ऐकायचं. गडचिरोलीच्या मंडळाला आणि आमच्या मंडळाला सारखाच खर्च. अंतिम फेरी तेवढी प्रत्यक्ष घ्या, लोकांसमोर, दिवे घालवून. आणि आलेल्या प्रत्येक मुद्रणाची एक प्रत सरकारने गावाच्या आणि बोलीच्या नोंदीसह जपून ठेवावी. दहा वर्षांत महाराष्ट्राच्या बोलींचा केवढा साठा जमेल! त्यासाठी वेगळी समिती नेमावी लागणार नाही.

एकदा स्पर्धेच्या नियमावलीत हा शब्द आला की अनुदानाच्या फॉर्मवर रकाना यायला वेळ लागणार नाही, हे सरकारी कागदांचा थोडा अनुभव असल्याने सांगतो. परिनिरीक्षणाचं प्रमाणपत्र घ्यायला आमची अजिबात ना नाही. नाटक म्हणून मागत असाल तर आनंदाने देऊ.

सामुदायिक रेडिओबद्दलही लोक सुचवतात. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना त्याचा परवाना मिळू शकतो, ५० वॅटचा ट्रान्समीटर, आसपासची काही गावं ऐकतील. पण तो विषय दिल्लीचा, तुमच्या खात्याचा नाही, आणि आमच्या चौदा जणांत रोज केंद्र चालवायला मोकळा कोणीच नाही. नवं सांस्कृतिक भवनही नको. खाऱ्या हवेत बांधलेल्या भवनांचे पंखे दुसऱ्या पावसाळ्यात गंजतात हे आम्ही बघतो आहोत. आम्हाला शाळेचा हॉल पुरतो, परीक्षा नसली की.

कार्तिकात जत्रा सुरू व्हायच्या आधी आमचा पुढचा प्रयोग आहे. सिंधुदुर्गात रात्रभर दशावतार ऐकायची ज्यांना सवय आहे त्यांना आमचा सव्वा तास म्हणजे पानसुपारी, पण तुम्ही आलात तर आम्हाला आनंद होईल. एकच अडचण सांगून ठेवतो. हॉलच्या खिडक्या उकाड्यामुळे उघड्या असतात. तेव्हा ताफ्यातल्या गाड्यांची इंजिनं बंद ठेवायला सांगा, आणि पोलिसांच्या वॉकीटॉकी फाटकाबाहेर. होडी पुळणीला लागते तो प्रवेश सुरुवातीलाच आहे.

आपला,
श्रुतिका मंडळाचा लेखक
(आणि लागेल तेव्हा घोडा, दार व पाऊस)
ता. दापोली, जि. रत्नागिरी