चाचणीपुरता डेटाबेस मेमरीतच ठेवा

महोदय,

ठाणे-ऐरोली पट्ट्यातल्या महाविद्यालयांत प्रकल्प सादरीकरण जवळ आले की प्रयोगशाळेच्या सामायिक मायएसक्यूएल (डेटाबेस सांभाळणारी प्रणाली) सर्व्हरवर एकाची चाचणी दुसऱ्याचे टेबल पुसून टाकते. हा ताप टाळता येतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या २.५ आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून, एसक्यूलाइट हा सर्व्हर न लागणारा छोटा डेटाबेस सोबतच येतो. वेगळे काही बसवायला नको. कनेक्ट करताना फाइलच्या नावाऐवजी 'मेमरी' हा शब्द छोट्या रोमन अक्षरांत, मागेपुढे अपूर्णविराम देऊन (:memory:) लिहायचा. मग डेटाबेस डिस्कवर न बनता संगणकाच्या मेमरीतच राहतो. अपूर्णविराम विसरलात तर त्याच नावाची फाइल डिस्कवर बनते आणि कालचा डेटा आज डोके वर काढतो.

खरी गोम पुढे आहे. प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र, कोरा डेटाबेस मिळतो. एका फंक्शनमध्ये टेबल तयार केले आणि दुसऱ्यात नव्याने कनेक्ट केले, की 'नो सच टेबल' (असे टेबलच नाही) हा संदेश ठरलेला! विद्यार्थी मग तासभर स्पेलिंग तपासत बसतात. कनेक्शन एकदाच उघडावे आणि तेच सगळीकडे पाठवावे. ते बंद होताच सारे नाहीसे. काही जपायचे असेल तर आधीच बॅकअप मेथडने फाइलवर उतरवावे. ही सोय पायथन ३.७ पासून आहे.

एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची (एका टेबलातील नोंद दुसऱ्या टेबलातील नोंदीशी जोडणाऱ्या रकान्याची) तपासणी सहसा बंद असते, ती दर कनेक्शनला प्राग्मा ही सेटिंग बदलणारी आज्ञा देऊन चालू करावी लागते. आणि पूर्णांकाच्या रकान्यात 'अबक' भरले तरी एसक्यूलाइट कुरकुरत नाही. मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे काटेकोर तपासणी चालू असताना, ते नाकारते. तेव्हा शेवटची फेरी खऱ्या सर्व्हरवरच घ्यावी.

– एक संगणक शिक्षक, ऐरोली, नवी मुंबई