करडईचं तेल की दुकानातलं पाकीट?

औसा,
ता. २१ डिसेंबर २०२५

प्रिय विठ्ठल,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस ते डोक्यातून जात नाहीये. घाण्याचं करडईचं तेल पाकिटाच्या दुपटीहून महाग पडतं, आणि पाकीट घेतलं की आपल्याच माणसांशी बेइमानी केल्यासारखं वाटतं, असं म्हणालास. मी एसटीत होतो, धड ऐकूही येत नव्हतं. म्हणून लिहितोय.

ते बेइमानीचं आधी मनातून काढून टाक. ठेकेदाराकडच्या पगारात खोलीचं भाडं आणि दोन पोरांची शाळा भागवणाऱ्याने स्वस्त तेल घेतलं म्हणून इथला शेतकरी बुडत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ मध्ये पामोलिनची, म्हणजे पातळ पामतेलाची, आयात खुली झाली आणि चार-पाच वर्षांत त्यावरचं शुल्क ६५ टक्क्यांवरून १५ वर आलं. आज निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेसत्तावीस टक्के केलं, तरी त्या हंगामात दादाचं सोयाबीन क्विंटलला ४,८९२ च्या हमीभावाखालीच गेलं. मे २०२५ मध्ये तेच शुल्क साडेसोळावर उतरवलं. शहरात तेल महागलं की ओरड होते, ती लगेच ऐकली जाते. सोयाबीन पडलं की आम्हीही ओरडतो, पण ते ऐकायला कुणी बसलेलं नसतं. याचा मला खरंच राग येतो. पण तो राग तुझ्या पाकिटावर नाही.

आता घाण्याच्या भावाचं. साडेतीनशे रुपये लिटर ऐकलं की कुणालाही लूट वाटेल. पण हिशेब बघ. लाकडी घाण्यावर लिटरभर तेलाला साडेतीन-चार किलो करडई लागते. यंदाचा हमीभाव क्विंटलला ६,५४० धरला तर नुसतं बीच अडीचशेच्या घरात गेलं. घाणेवाल्याची मजुरी, वीज, गाळणं वेगळं. पेंडीचे पैसे येतात, त्यावर त्याचं कसंबसं भागतं. उलट पामचं झाड हेक्टरी तीन-साडेतीन टन तेल देतं, आणि आपल्या कोरडवाहू रानात करडईचं तेल तीनशे किलो निघालं तरी देव पावला. या स्पर्धेत करडई भावावर कधीच जिंकणार नाही.

शिवाय तिचे काटे. काढणीला हातापायाला कापड गुंडाळून जावं लागतं आणि मजूर सरळ नाही म्हणतात. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्यांचे वाण काढलेत, पण आमच्या शिवारात अजून जुनीच करडई दिसते. तीही शाळूच्या कडेने, ढोरं आत शिरू नयेत म्हणून लावलेली. लहानपणी काळ्या रानात पिवळ्या फुलांचे सलग पट्टे होते, आठवतात ना? आता ते सगळं सोयाबीन आणि हरभऱ्याखाली गेलंय. घेणाराच उरला नाही तर उरलेलीही जाईल, म्हणून मला हे तेल कुणीतरी घ्यावं असं वाटतं. पण तुझ्या ऐपतीत बसेल तेवढंच.

तर असं कर. महिन्याला चार लिटर लागतं म्हणालास. त्यातलं एकच लिटर करडईचं घे आणि ते तळणाला अजिबात वापरू नकोस. हे तेल फार तापवण्याचं नाहीच. भाकरीवर, ठेच्यावर, कारळाच्या चटणीवर कच्चंच घ्यायचं, माय घालायची तसं. तळणाला, भाजीला पाकीट राहू दे. पण त्याच्या मागचं बारीक अक्षर वाच. सोयाबीनच्या नावाखाली मिश्रण असतं कधी कधी, आणि पुण्याच्या थंडीत जे तेल पिशवीत गोठतं, त्यात बहुधा पामोलिन असतं.

तळण आठवड्यातून एकदाच केलं तर चार लिटरचं तीनवर येईल. सगळं मिळून महिन्याला साठ-सत्तर रुपये जास्त जातील. ते कुठून काढायचे तेही सांगतो. पोरांच्या बिस्किटाच्या पुड्यांवर आणि फरसाणच्या पाकिटांवर काय लिहिलंय बघ. बहुतेकांत पामतेलच. पैसे मोजून आपण ते वरून आणखी खातो. तिथे हात आखडलास तर करडईचे पैसे सुटतील आणि पोरांचंही भलं होईल. वहिनींना मात्र हे माझ्या नावाने सांग, नाहीतर पोरं तुझ्यावर रुसतील.

आणि "बाहेरचं ते स्वस्तच" हेही दर वेळी खरं नसतं. २०२२ आठव. युक्रेनमध्ये लढाई पेटली, सूर्यफूल तेल अडकलं. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच तीन-एक आठवडे बंद केली. तेव्हा तुझ्या त्याच दुकानात पाकीट कितीला झालं होतं? त्या दिवसांत इथला घाणेवाला होता त्याच भावाने देत होता.

पुण्यात "लाकडी घाणा" अशी पाटी दिसली की लगेच विश्वास ठेवू नकोस. समोर बी दाखवतो का, पेंड विकतो का, विचार. नाहीतर इथूनच ने. संक्रांतीच्या आधी भाचा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर दोन लिटर पाठवतो. पैसे घाण्याच्या भावानेच घेईन, त्यात मैत्री आणू नकोस. घाणेवाल्याला रोख द्यावे लागतात. स्टीलचा डबा धुऊन, उन्हात कडक वाळवून ठेव, पाण्याचा थेंब राहिला तर तेल खवट होतं. भाच्याला तुझा नवा पत्ता कळव.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
महादेव