मन्या, आधी केस कमी कर

इंदूर, रविवार दुपार

प्रिय मन्या,

तू मासे धरायला बांधलेल्या फ्लायचा, म्हणजे हुकवर केस-पिसं बांधून केलेल्या नकली आमिषाचा, फोटो बघितला, झूम करून करून बघितला. अरे भिया, पहिलीच फ्लाय आणि ती थेट दहा इंची, तुझी हिंमत मानली, पण खरं सांगू का, त्या हुकवर तू हरणाची जवळजवळ अख्खी शेपटी बांधून ठेवलीयेस. वरून सशाच्या कातडीची पट्टी लावलीस ती वेगळीच. टेबलावर दिसते भारी, वहिनीने हात लावून बघितलं असेल आणि "किती मऊ आहे" म्हणाली असेल, पण मस्की, म्हणजे तुला पकडायचाय तो मोठा दातेरी मासा, काही ती टेबलावर बघणार नाहीये. ही पाण्यात गेली की सशाची पट्टी पाणी पिणार, आणि दाट केसांच्या मधे जे पाणी अडकेल ते पण तुलाच उचलायचंय, दर कास्टला, म्हणजे रॉडने फेकताना दर वेळी, दिवसभर. दुपारपर्यंत खांदा गेला समज.

तिकडे अमेरिकेत, मॅडिसनला, मी होतो तेव्हा माझ्याबरोबर जे म्हातारे गोरे काका यायचे ते एकच गोष्ट सारखी सांगायचे की मोठी फ्लाय म्हणजे जास्त माल नाही. पाण्यात मोठी दिसली पाहिजे आणि हवेत निघाली की लहान झाली पाहिजे. आख्खा खेळ एवढाच आहे. बाकी रंग, डोळे, चमकी हे सगळं नंतरचं, आणि निम्मं तर माशासाठी नाही, दुकानात उभ्या माणसासाठी असतं.

आता तू विचारशील की कमी केसात मोठी कशी दिसणार. तर ऐक, यात मजा आहे. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर बॉब पॉपोविक्स नावाचा माणूस स्ट्राइप्ड बास माशाच्या मागे असायचा, त्याने बकटेल, म्हणजे हरणाच्या शेपटीचे केस, उलटं बांधायला सुरुवात केली. म्हणजे आपण साधारणपणे केसांची टोकं मागे, शेपटीकडे ठेवून बांधतो ना, त्याऐवजी टोकं पुढे, हुकच्या डोळ्याच्या (लाइन बांधायच्या भोकाच्या) पलीकडे जातील अशी बांधायची, सगळ्या बाजूंनी गोल पसरून. मग पेनची रिकामी नळी घ्यायची, रिफिल काढून टाकलेली, ती पुढून सरकवायची आणि सगळे केस मागे ढकलायचे. आणि लगेच त्यांच्या पुढ्यात दोऱ्याचे वेढे देऊन छोटा बांध घालायचा, म्हणजे केस परत पुढे येत नाहीत, पण पूर्ण आडवेही पडत नाहीत, थोडे उभारलेले राहतात. उघड्या छत्रीसारखे. आत पोकळी. बाहेरून बघणाऱ्याला केवढं तरी अंग दिसतं आणि आत काहीच नाही. ओढलीस की बंद होते, थांबलास की उघडते, आणि बॅककास्टला, म्हणजे फ्लाय मागे फेकताना, पाणी आपोआप झटकलं जातं. याला हॉलो फ्लाय म्हणतात, आणि हेच लांब करत नेलं की त्याची बीस्ट होते. बकटेलचा केस फार तर पाच-सहा इंच भरतो, त्यामुळे एका जुडीत दहा इंच होणारच नाहीत, म्हणून हुकच्या मागे जाड नायलॉनची लूप लांबवायची आणि तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने जुड्या बांधत पुढे यायचं. सगळ्यात लांब केस शेपटीकडे, आखूड डोक्याकडे. तू नेमकं उलटं केलंयस, लांब केस सगळे तोंडाशी. म्हणून ती झाडूसारखी दिसतेय.

एक जुडी किती? अर्ध्या पेन्सिलीइतकी जाड, बस. कापून हातात घेतलीस की तुला वाटेल हे फारच कमी आहे. मग त्यातले अजून थोडे काढ. आणि बांधायच्या आधी बारीक फणीने जुडीच्या बुडातून आखूड लव आहे ती सगळी विंचरून टाक. ती लव कुणाला दिसत नाही पण पाणी तीच धरते आणि गाठ पण तीच जाडी करते.

आणि शेपटीच्या कुठल्या भागातून केस घेतोस ते बघ. बुडाकडचा केस आतून पोकळ असतो, दोरा आवळला की फुलतो. टोकाकडचा भरीव असतो, तो फुलत नाही, सरळ पडतो. तर मागच्या जुड्यांना टोकाकडचा आणि डोक्याला बुडाकडचा. डोकं फुललेलं असलं की ते पाणी ढकलतं, आणि गढूळ पाण्यात किंवा संध्याकाळी माशाला हा धक्का आधी कळतो, दिसतं नंतर. माशाच्या अंगावर कडेने जी संवेदनेची रेघ असते ना, तिच्यावर. आणि दुसरं म्हणजे भरलेल्या डोक्याच्या मागे शेपूट इकडेतिकडे झुलते. ओढून थांबलास की फ्लाय आडवी वळली पाहिजे, कूस दाखवली पाहिजे. मस्की पुष्कळदा त्याच क्षणी घेते. सरळ रेषेत येणारी फ्लाय ती नुसती बघत बघत बोटीपर्यंत येते, तुझी थट्टा केल्यासारखी, आणि निघून जाते. तेव्हा शांत राहायचं, रॉडचं टोक पाण्यात घालून बोटीच्या कडेला मोठा इंग्रजी आठ काढायचा, वळणं मोठी ठेव, घाई नको. पुष्कळ मस्की तिथेच लागतात. आणि लागली की रॉड वर उचलू नकोस, आपली ट्राउटवाली सवय तिथे चालत नाही, लाइन हाताने जोरात मागे खेच. तोंड हाडाचं आहे तिचं.

दोरा कुठला वापरलास? फोटोत तो सैल दिसतोय. साधा नको, जेल स्पन घे. तुटत नाही, ताणला जात नाही, पण निसरडा मेला, म्हणून आधी मेण लाव आणि हुकवर साधा पाया घालून घे. केसांवर पहिले दोन वेढे सैल, मग एकदम ओढायचं, दुसऱ्या हाताने केस घट्ट धरून, नाहीतर सगळे केस हुकभोवती फिरून जातात. कापायला नेहमीची कात्री चालणार नाही, दोरा पात्यावरून सटकतो, करवती पात्याची घे. आणि प्रत्येक जुडीनंतर दोऱ्यावर यूव्ही रेझिनचा (यूव्ही उजेडाने घट्ट होतं ते) थेंब, पण थेंबच हं, ते केसात चढलं तर तिथे दांडा तयार होतो.

सशाची पट्टी मात्र पूर्ण बंद. शेपटीला कोंबड्याची लांब सॅडल (पाठीवरची) पिसं लाव, दोन्ही बाजूंना दोन-तीन, टोकं बाहेर वळतील अशी ठेवलीस तर ती ओढताना पायांसारखी मारतात. लेफ्टी क्रेने १९५० च्या दशकाच्या अखेरीला चेसापीक खाडीसाठी डिसीव्हर बांधली त्यात हेच आहे, मागे पिसं आणि पुढे बकटेलचा गळपट्टा, कारण त्याला अशी फ्लाय हवी होती जिची शेपूट कास्ट करताना हुकला गुंडाळली जाणार नाही आणि हवेत नीट जाईल. साधी वाटते पण इतकी बरोबर आहे की १९९१ साली अमेरिकेच्या पोस्टाने तिचं तिकीट काढलं. तू आधी डिसीव्हर बांध. सहा-सात इंची. पाइक, मस्कीचाच नातलग मासा, त्याच्यावर आरामात येतो, तुमच्या मेंडोटा तलावात पाइक आहेतच, आणि पाइक मस्कीसारखा नखरे करत नाही. गवतात दबा धरून बसतो आणि समोरून काही गेलं की झेपावतो.

ब्लेन चॉकलेटची गेम चेंजर तुला व्हिडिओत दिसली असेलच, ती साखळीसारखी, छोट्या छोट्या शँक (हुकशिवायच्या तारा) एकमेकांत अडकवून, शेपटीकडे बारीक आणि डोक्याकडे मोठी होत जाणारी. पोहते ती खरंच माशासारखी, बघत राहावंसं वाटतं. पण आत्ता नको, प्लीज. ती बांधायला संध्याकाळच्या संध्याकाळ जातात आणि पहिल्याच लाकडात अडकून गेली तर तू हा छंद सोडशील, मी तुला ओळखतो.

बरं, तू लिहिलंयस की इथून मोरपिसं पाठव, डिसीव्हरच्या पाठीवर लावायला. नाही पाठवणार. मोर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आहे, गळून पडलेली पिसं देशात विकली तरी देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. रानकोंबड्याची पिसं पाठवायलाही बंदीच, सॅमन फ्लायवाले ज्याच्या मानेच्या पिसांसाठी वेडे होतात तो आपल्याच दक्षिणेतला. आणि साधी कोंबड्याची कच्ची पिसं पोस्टाने पाठवून तुझ्या कस्टमवाल्यांना उद्योग देण्यात मला रस नाही. तिकडे हवं ते मिळतं, घे की.

मी इथे काय वापरतो ते मात्र सांगतो, तुला हसू येईल. बकटेल नाही म्हणून सगळं जुगाडाचं. ब्रॉयलर कोंबडी दीड महिन्यात कापतात, तिला कुठली लांब पिसं, पण झाबुआचा कडकनाथ कोंबडा म्हातारा होऊ दिला असेल तर त्याची पिसं काळीभोर, उन्हात हिरवट झाक मारणारी. २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळाल्यापासून सगळे त्याच्या काळ्या मटणाचं बोलतात, पिसांकडे कुणी बघत नाही. आमचा चिकनवाला मला पिशवी भरून देतो आणि वर विचारतो की भैया, उशी भरता का. लांब केसांसाठी पूजेच्या सामानाच्या दुकानातली पांढरी चवरी, खरी असेल तर याकच्या शेपटीची. एक केस जाळून बघायचा, केसाचा वास आला तर खरी, वितळून गोळा झाला तर प्लास्टिक. याकचा केस लांब खूप, पण तो फुलत नाही, ओला झाला की चिकटून बारीक होतो, त्यामुळे शेपटीला छान आणि डोक्याला बेकार. चमकीला वाढदिवसाला भिंतीवर टांगतात ते पन्नीचे पडदे, एका पडद्यात वर्षभर पुरते. तुमच्या फ्लॅशाबू चमकीपेक्षा कडक आहे जरा, पण ठीक. तसंही एका फ्लायला आठ-दहा धागे पुरे होतात, तू जी मूठभर लावलीयेस ती सत्यनारायणाच्या मखराला लाव.

इथे मासे कुठले म्हणून विचारू नकोस. महासीर मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे, त्याच्या वाटेला मी जात नाही. गावाकडच्या एका ओळखीच्या शेततळ्यात मरळ आहेत, त्या तुझ्या पाइकच्या स्वभावाच्या, गवताच्या कडेला पडून राहणाऱ्या, हवा घ्यायला वर येतात तेव्हा बुडबुड्यावरून जागा कळते. त्यांना तीन-चार इंचाची पुरते, हुकपुढे जाड नायलॉनची कमान लावून, गवतात अडकू नये म्हणून. बाकीच्या दहा इंची मी नुसत्याच बांधतो. आई विचारते की कुणासाठी बांधतोस एवढ्या. तुझं नाव सांगितलं की गप्प बसते, तिला वाटतं तू ऑर्डर दिलीयेस आणि पैसे येणार आहेत. तिला अजून हेही पटलेलं नाही की मासा पकडून लोक परत सोडतात.

सोडण्यावरून आठवलं. मोठ्या फ्लायची तयारी फक्त फ्लायची नसते. हुकच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाक, लांब तोंडाची पक्कड आणि हुक कापायचं कटर बोटीत हवंच, कारण ६/० मापाचा मोठा हुक तुझ्या हातातही घुसू शकतो. चष्मा घातल्याशिवाय कास्ट करायची नाही, मॅडिसनचा वारा तुला माहितीये. लीडरच्या, म्हणजे लाइनच्या शेवटच्या तुकड्याच्या, टोकाला वायर लाव, दात असे आहेत की साधी लाइन कळायच्या आत कापली जाते. रबराची मोठी जाळी घे, मासा जाळीत पाण्यातच ठेवून हुक काढ, फोटोसाठी उचललास तर दोन्ही हातांनी आडवा, आणि पटकन. उन्हाळ्यात पाणी २६-२७ डिग्रीला गेलं की मस्कीच्या मागे जाणं बंद कर, एवढ्या गरम पाण्यात दमलेली मस्की सोडली तरी पुष्कळदा मरते. मग त्या दिवसांत घरी बसून बांध.

आत्ता तर तलाव गोठलेले असतील. मस्कीचा सीझन मे महिन्यात उघडतो, भरपूर वेळ आहे. त्या फोटोतल्या फ्लायला ब्लेड लाव, हुक वाचव, तो महाग आहे. केस पण फेकू नकोस, त्यातून तीन निघतील. मग एक डिसीव्हर आणि एक उलटी बांधलेली अशा दोन कर, आणि बाथटब भरून त्यात ओढून बघ. ओढली की आवळते का, थांबली की उघडते का, आडवी वळते का, डोकं खाली घालून दगडासारखी बुडत तर नाही ना. बाहेर काढून एकदाच झटक आणि बघ किती पाणी राहतंय. व्हिडिओ पाठव, पण बाजूने काढलेला, वरून काढलास तर मला काहीच कळत नाही.

आणि मासेमारीचं लायसन्स काढ, ते ऑनलाइन मिळतं, तू विसरशील म्हणून लिहितोय.

तुझा,
बाप्या