नाव सोडा, जहाज सांगा

काका,

तुमचं नाव कुठेही लिहायचं नाही असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं काका. मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये त्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर सव्वा तास पानं उलटत बसलात. मी तुम्हाला तिथलेच कर्मचारी समजत होते. तुम्ही स्वतःच्याच कुठल्याशा कागदासाठी आला होतात आणि तो न घेताच परत गेलात, हे मला फाटकाशी कळलं.

दुसऱ्या महायुद्धात समुद्रात प्राण गमावलेल्या अखंड हिंदुस्थानच्या सुमारे ६,५०० नाविकांची आणि खलाशांची नावं त्या स्मृतिग्रंथात आहेत. दुसरी प्रत चितगावला. माझ्याकडे पप्पांच्या काकांचं नाव होतं, तेही तीन तऱ्हांचं: बाप्तिस्म्याच्या नोंदीत पोर्तुगीज, नळीवर (नळी म्हणजे जहाजावरच्या नोकरीचं पुस्तक, हे तुम्हाला काय सांगायचं!) इंग्रजी आणि घरात लाडाचं. तिन्ही सापडेनात. मी पर्स उचलली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "नाव सोडा, जहाज सांगा."

जहाज कुणाला ठाऊक! घरात फक्त फुटबॉलच्या गोष्टी उरल्या होत्या. पप्पांचे हे काका शिवोलीचे. गोव्यात फुटबॉल आला तोच मुळी शिवोलीत, १८८३ साली, फादर विल्यम लायन्स या आयरिश पाद्र्यामुळे. हे तिथलं शेंबडं पोरही ऐकवतं. आमचे काका लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेने खेळणारे. मुंबईत धोबी तलावला गावाच्या कूडमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात राहायचे, कूडच्या संघातून अनवाणी खेळायचे, आणि रोव्हर्स कपचे सामने बघायला जेवणाचे पैसे उडवायचे. आत्या सांगते, त्यांचा कॉर्नर वाऱ्याविरुद्धसुद्धा वळायचा. (वाढवून सांगत असेल. सांगू दे.) पण खेळून पोट भरत नव्हतं, म्हणून गावातल्या इतरांसारखे तेही तारवटी, म्हणजे जहाजावरचे नोकर झाले. बेचाळीसच्या नोव्हेंबरात आफ्रिकेला निघाले, आणि आठवडाभरातच घरात काळे कपडे आले. एवढंच.

"मुंबईहून आफ्रिकेला, नोव्हेंबर बेचाळीस? मग तिलावा," तुम्ही लगेच म्हणालात.

ब्रिटिश इंडिया कंपनीची तिलावा २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून मोम्बासाकडे निघाली. प्रवासी ७३२, खलाशी २२२, तोफची ४. तेवीसच्या पहाटे जपानच्या आय-२९ पाणबुडीचा पहिला टॉर्पेडो लागला. जहाज लगेच बुडालं नाही, म्हणून काही माणसं होड्यांतून परत वर चढली आणि मग दुसरा टॉर्पेडो आला. २८० माणसं गेली. बर्मिंगहॅम आणि कार्थेज या जहाजांनी ६७८ जणांना उचललं. हे सगळं सांगताना तुमचं बोट तारखांच्या रांगेवरून खाली सरकत होतं. २३ नोव्हेंबरपाशी ते थांबलं. नाव चौथ्याच तऱ्हेने लिहिलेलं, हुद्दा पॅन्ट्रीबॉय. वडिलांचं नाव जुळलं, तेव्हा आधी तुम्हीच चष्मा काढलात.

तिलावावर चांदीही होती. २०१७ साली समुद्रतळातून २,३६४ विटा वर काढल्या, आणि त्या कुणाच्या यावरून लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं. २०२४ साली निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. एकेका विटेचा हिशेब लागला, आणि आमच्या पॅन्ट्रीबॉयचं साधं स्पेलिंग कुणी विचारलं नाही. राग आला मला. तुम्हाला तो दिसला असणार, कारण तुम्ही गप्प राहून चहा मागवलात.

पानाचा फोटो मी आत्याला नेऊन दाखवला. ती एक्क्याण्णव वर्षांची आहे. तिने भिंग लावून तीनदा वाचलं आणि विचारलं, "फुटबॉलचं काही लिहिलं नाही?" नाही म्हटल्यावर तिने माझ्याकडून पेन घेतलं आणि फोटोच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं: लेफ्ट आउट. आता त्यांच्या नावाची मिसाही (चर्चमधली प्रार्थना) सांगितली आहे.

चोवीस जूनला शिवोलीत सांजांवच्या (संत जॉनच्या सणाच्या) होड्या निघतात. आत्या म्हणते, त्या माणसाला जेवायला बोलाव. येताना काकूंना आणा, आणि तुमचा तो कागद मिळाला का, तेही कळवा. नाहीतर मी येते रांगेत उभी राहायला.

तुमची,
शिवोलीच्या लेफ्ट आउटची नात