पिशवीच्या मागच्या खणातलं पत्र

छत्रपती संभाजीनगर,
दिवाळीनंतरचा रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र तुम्हाला तुमच्या पिशवीच्या मागच्या खणात सापडेल. एसटीत कंडक्टर असताना तुम्ही वेबिल, तिकिटांच्या हिशेबाचा कागद, ठेवायचात तिथेच घडी करून ठेवलंय. एका दुकानदारांची पर्सची मोठी ऑर्डर मी नाकारली हे कळल्यावर दसऱ्याच्या दिवशी तुम्ही फोनवर विचारलंत, "लक्ष्मी दारात आली आणि तू तिला परत पाठवलीस?" एवढंच म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. मला काही बोलायला सुचलंच नाही. मग पिशवी दुरुस्त करताना तीन रात्री मनातल्या मनात तुम्हाला उत्तर देत बसले. तेच आता लिहिते.

तुम्हाला फक्त आकडा कळला होता. दोन महिन्यांत ६०० पर्स, नगाला ७५० रुपये, म्हणजे साडेचार लाख. औशाच्या घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकता येईल हे तुमच्या मनात आलं असणार. माझ्याही आलं होतं. पण बाकीची हकीकत मी सांगितलीच नव्हती.

त्या दुकानदारांनी नमुन्याचं कापड पाठवलं होतं. हिमरूची, म्हणजे आमच्याकडच्या हातमागाच्या सूत-रेशमी कापडाची, वेलबुट्टी जशीच्या तशी, पण पॉलिस्टरवर छापलेली. उलटून पाहिलं तर मागची बाजू कोरी. पर्सच्या चिठ्ठीवर मात्र 'हिमरू' असंच छापायचं. मी विचारलं, याला हिमरू कसं म्हणायचं? तर म्हणाले, "मॅडम, पर्सला अस्तर असतं. मागची बाजू बघतंय कोण?"

आई, मला तू दिसलीस. लातूरला शिंप्याच्या दुकानात ब्लाऊज हातात आलं की तू आधी ते उलटं करायचीस. बाहेरून बघायचीसच नाहीस. शिवणीत दाब किती सोडलाय, धागा कुठे लोंबतोय, काखेत दुहेरी टीप आहे का. मला शरम वाटायची, शिंपी काय म्हणेल म्हणून. आणि तुझी वाकळ तर अशी की वरची बाजू कोणती न् खालची कोणती हे थंडीत पांघरताना कधी ठरवावंच लागलं नाही. दोन्हीकडून तोच धावदोरा. मी शिवण तुझ्या मशीनवर शिकले, पण बघायला शिकले ते त्या उलट्या ब्लाऊजांवर.

हिमरूची मागची बाजू मी पहिल्यांदा नवाबपुऱ्यात पाहिली. ताणा सुती, बुट्टीचा बाणा रेशमी. समोर फूल संपलं की तो रेशमी धागा कापत नाहीत, तो मागून मोकळा धावत पुढच्या फुलापर्यंत जातो. म्हणून मागून हात फिरवला की रेशमाची मऊ झालर लागते. शाल त्यामुळेच ऊबदार होते. मी ज्या चाचांकडून कापड घेते ते सांगतात की तुघलकानं १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्यामागे विणकरही इकडे आले. हिमरू म्हणजे 'हम-रूह', दुसऱ्यासारखं दिसणारं, असंही ते सांगतात. किनखापात सोन्याचांदीची जर. ती ज्यांना परवडायची नाही त्यांच्यासाठी तसंच दिसणारं सूत-रेशमाचं कापड निघालं. बाबा, मला या कापडाची हीच गोष्ट फार आवडते. मी किनखाप नाही, त्याच्यासारखं आहे, हे त्यानं स्वतःच्या नावातच सांगून टाकलंय. मग छापलेल्या पॉलिस्टरनं आपलं नाव का लपवावं? छापील म्हणून विका, स्वस्त द्या, मी एक शब्द बोलणार नाही. पण चाचांच्या मागाचं नाव त्याला लावायचं आणि ती चिठ्ठी माझ्या हातानं शिवायची, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. आता शहरात हातमागावर हिमरू विणणारे बोटांवर मोजावेत इतके उरलेत. चाचांसमोर मी कोणत्या तोंडानं जाऊन बसले असते?

काम करायला हे कापड अवघड आहे, तेही सांगते. कात्री लागली की ते मागचे मोकळे धागे सुटायला लागतात. म्हणून कापण्याआधी मागून पेस्टिंगचं कापड इस्त्रीनं बसवायचं, फर्म्यापेक्षा दोन बोटं जास्त सोडायचं, कड आधी टिपेनं बांधायची आणि मगच कापायचं. एका पर्सला आमचे सात तास जातात. तुम्ही मागे विचारलं होतंत, २८०० रुपये कशाचे? कापड, कॅनव्हास, अस्तर, चेन, कड्या मिळून साधारण ११००. सात तासांची मजुरी ९००. भाडं, वीज, मशीनची दुरुस्ती आणि माल पाठवण्याचा खर्च ४००. उरलेले ४०० माझे. हा हिशेब मी गिऱ्हाइकालाही सांगते, कुणी विचारलं तर. काही जणी ऐकून निघून जातात. जाऊ देते.

आता ७५० च्या पर्समध्ये शिलाईला काय उरलं असतं? ६० रुपये. आम्ही चौघी मिळून महिन्याला जेमतेम पन्नास पर्स करतो. ६०० करायच्या म्हणजे वस्तीतल्या बायकांच्या घरी गठ्ठे पोचवायचे. बाई मग रात्री जेवणं उरकून, लेकरं झोपल्यावर शिवणार. मी माझ्याकडच्या तिघींना नगावर पैसे देत नाही, दिवसावर देते. पुष्कळांनी मला यावरून वेड्यात काढलंय. पण नगावर मजुरी दिली की सगळ्यात आधी काय गाळलं जातं, मला माहीत आहे. पट्टा जिथे पर्सला जोडतो तिथली उलटी टीप. दिसत नाही, वेळ खाते, आणि पर्स फाटते ती नेमकी तिथेच. त्यात त्या बाईचा दोष नसतो. ६० रुपयांत तिनं तरी काय करावं?

वाळूजची नोकरी सोडली तेव्हा तुम्ही सहा महिने माझ्याशी मोजकंच बोललात. तेव्हा मला राग आला होता, आता नाही येत. पगाराची नोकरी म्हणजे काय, हे दुष्काळ बघितलेल्या माणसालाच जास्त कळतं. पण तिथे मी माल तपासणीवर होते आणि तिथेच समजलं की 'चालतंय' हा शब्द एकदा तोंडात बसला की निघत नाही.

माझ्याकडूनही एकदा झालंय. तीन वर्षांपूर्वी मी स्वस्तातली चेन घेतली. मीटरमागे थोडेच रुपये वाचत होते, पण दिवाळीचा माल होता, वाटलं चालतंय. ४० पर्स गेल्या. महिनाभरात रनर सैल पडले, चेन लावली तरी मागून उघडी राहायची. एका ताईचे जालन्याच्या बसस्टँडवर पैसे पडले. तिनं फोन केला तेव्हा भांडली नाही, फक्त एवढं म्हणाली, "तुमच्या भरवशावर घेतली होती हो." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सगळ्यांना फोन करून पर्स परत मागवल्या, अस्तर उसवून प्रत्येकीची चेन बदलली. ते दोन महिने हातात काही आलं नाही. बाबा, त्या वेळी आईनं तिच्या भिशीचे पैसे मला दिले होते. तुम्हाला सांगू नको म्हणून मीच तिला गळ घातली होती. रागावायचं तर माझ्यावर रागवा. तेव्हापासून माझी कोणतीही पर्स, कितीही वर्षांनी आली तरी, फुकट दुरुस्त करून देते.

लोक जुनं कापडही घेऊन येतात. मागच्या महिन्यात एक काकू आईची पैठणी घेऊन आल्या. पेटीत घडीवर घडी राहून रेशीम बरोबर घडीच्या रेषेवर तुटलं होतं, हात लावला की चरचर आवाज यायचा. नेसण्यासारखी ती राहिलीच नव्हती. तरी कात्री घेताना माझा हात थांबला. पैठणीचा पदर मी मुद्दाम उलटा करून त्यांना दाखवला. खऱ्या हातमागाच्या पदरावरचा मोर मागूनही तसाच मोर असतो. त्यांनी आयुष्यभर ती साडी पाहिली होती, पण हे कधी पाहिलं नव्हतं. मग आम्ही पदराचा बटवा केला आणि एक खण आतून उघडाच ठेवला, अस्तर न लावता. काकू पुन्हा पुन्हा आत बोट घालून मोर चाचपत होत्या.

आता तुमची पिशवी.

तिचं चामडं अजून ठणठणीत आहे. रेक्झिनची असती तर तीन-चार उन्हाळ्यांत पापुद्रे निघून गेले असते. तुम्ही एरंडेलाचं बोट फिरवायचात ना दर अमावास्येला, त्यानं ती वाचली. शिवण मात्र गेली होती. पैठण गेटजवळ बसणाऱ्या काकांकडे मी आरी आणि रापी धरायला शिकले, त्यांनीच सांगितलं की जुनी भोकं बुजवू नको, नवी पाडू नको, त्याच भोकांतून मेणाचा धागा दोन्ही बाजूंनी ओढ. तसंच केलं. सुट्ट्या पैशांच्या खणात कापडी कोपऱ्यात एक पाच पैशांचं नाणं अडकलेलं सापडलं, ते तिथेच ठेवलंय.

ही पिशवी हातात घेतली की मला १९९३ चा ३० सप्टेंबर आठवतो. मी पाच वर्षांची होते, पण ती सकाळ मला दिसते. गणपती विसर्जन होऊन लोक झोपले होते आणि पहाटे चारला जमीन हलली. तुम्ही मुक्कामाची गाडी घेऊन बीडकडे गेला होतात. आईनं मला वाकळीत गुंडाळून अंगणात आणलं आणि किल्लारीकडची बातमी जशी येत गेली तशी ती अंगणातून हललीच नाही. दुपारी तुम्ही आलात. मिळेल त्या ट्रकनं, थोडं चालत. खांद्याला ही पिशवी. आम्हाला दोघींना हातानं चाचपून बघितलंत, तांब्याभर पाणी प्यायलात आणि म्हणालात, "कालचा भरणा राहिलाय." आणि तिकिटांचे पैसे भरायला डेपोत निघून गेलात. आई त्यावरून तुम्हाला कितीतरी वर्षं बोलत होती. मीही तिच्याच बाजूनं होते.

पण त्या दुकानदारांना नाही म्हटलं ना, तेव्हा हीच पिशवी माझ्या टेबलावर होती. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत, हे मला तुम्हाला विचारायची गरज पडली नाही. म्हणून तुमचा प्रश्न जास्त लागला, बाबा. तो लक्ष्मीचा प्रश्न नव्हता, माझ्या काळजीचा होता, हे आता कळतंय. स्लॅब होईल. पुढच्या पावसाळ्याआधी नाही, पण होईल. चाळीस हजार मी वेगळे टाकलेत.

आई, तुझी ती जांभळ्या काठाची जुनी लुगडी टाकून देऊ नकोस. मी संक्रांतीला येते तेव्हा दोघी बसून वाकळ घालू. टाके मी घालीन, तू फक्त उलट्या बाजूनं बघ. आणि गुडघ्याचं औषध वेळेवर घे, मी फोनवर विचारलं की हो म्हणतेस, बाबा नाही म्हणतात.

बाबा, पट्टा बदलला नाही, तुमचाच आहे. फक्त बक्कलजवळ एक भोक जास्त पाडलंय, आतल्या बाजूला. गणपतीत तुम्ही पिशवी घालून दाखवलीत तेव्हा ती मांडीपर्यंत लोंबत होती. आता त्या भोकात लावा, कमरेवर बरोबर बसेल.

तुमची,
लेक